मिररलेस घ्यावा की खिशातला कॉम्पॅक्ट? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

"दादा, एक चांगला कॅमेरा दाखवा." साताऱ्यात दुकान घालून बसल्यापासून हे वाक्य रोज कानावर पडतं. आम्ही विचारतो, "फोटो कशाचे काढणार?" उत्तर येतं, "सगळ्याचेच." मग समोर चार कॅमेरे मांडले जातात, गिऱ्हाईक सगळ्यात महागड्याकडे बघतं, बरोबर आलेली मंडळी सगळ्यात छोट्याकडे बघतात आणि शेवटी "विचार करून येतो" म्हणून सगळे चहाला जातात. तो विचार घरी बसून सावकाश करता यावा म्हणून हे माहितीपत्रक छापलंय.

आधी पैशाचं बोलू. कॉम्पॅक्ट म्हणजे एकरकमी खरेदी. त्याची लेन्स अंगाला चिकटलेली असते, ती बदलता येत नाही, त्यामुळे आज जे मिळालं तेच शेवटपर्यंत. मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, म्हणून तो नुसता पहिला हप्ता. बॉडीबरोबर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबरोबर, येणारी किट लेन्स ही सुरुवात असते. पुढं दुसरी लेन्स येते, मग फ्लॅश, मग मोठी बॅग. आमच्यासारख्या दुकानदाराची खरी कमाई त्या पुढच्या हप्त्यांतच असते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मिररलेस मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकच विचारतो: येत्या वर्षभरात दुसरी लेन्स घेणार आहात का? "नाही" असं उत्तर असेल तर पुढचा भाग नीट वाचा, कारण त्यात आमचंच नुकसान आहे.

हॉलमधलं गणित

मागे एक ताई तावातावाने दुकानात आल्या. बहिणीच्या लग्नासाठी नवाकोरा मिररलेस घेतला होता, किट लेन्सवर. मंगल कार्यालयात संध्याकाळी काढलेले फोटो दाणेदार, त्यात अर्धे हललेले. मावसबहिणीच्या खिशातल्या कॉम्पॅक्टचे मात्र बरे आलेले. "एवढे पैसे घालून हे?" असा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता.

झालं काय ते उदाहरणानेच सांगतो. कॅननचा आर५० हा २०२३ साली आलेला छोटा मिररलेस घ्या. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चिप, २२.३ बाय १४.९ मिलिमीटरची. त्याच कंपनीच्या पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ या कॉम्पॅक्टचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. याला "एक इंची" म्हणतात, पण पट्टी लावून बघाल तर कुठूनही इंच भरत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांची मापं तशीच नावाला चिकटून राहिलीत. असो. क्षेत्रफळ काढलं तर मिररलेसचा सेन्सर जवळपास तिप्पट मोठा. मोठा सेन्सर म्हणजे जास्त प्रकाश, म्हणजे कमी दाणे. इथवर ताईंचं बरोबर होतं.

पण प्रकाश आधी लेन्समधून आत यावा लागतो. आर५० बरोबर येणारी १८-४५ मिलिमीटरची (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ ६.३ एवढंच उघडतं. कॉम्पॅक्टची लेन्स तेवढ्याच झूमला एफ २.८ पर्यंत उघडते. हा एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि फरक वर्गाने वाढतो. ६.३ भागिले २.८, त्याचा वर्ग, म्हणजे पाच. सेन्सर तिप्पट मोठा, पण लेन्स प्रकाश सोडते पाचव्या हिश्शाने. बोहल्यावर अंतरपाट धरलाय, ताई मागून झूम करून फोटो काढतायत, तर त्या क्षणी कॉम्पॅक्टच सरस ठरणार. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. आमचा होता, विकताना हे सांगितलं नव्हतं.

मग आम्ही त्यांना ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स दोन दिवस वापरायला दिली. वजन १६० ग्रॅम, तळहातावर मावते, मिररलेसच्या लेन्सांत सगळ्यात स्वस्तांपैकी. एफ ६.३ वरून १.८ वर आलं की प्रकाश बारापट होतो. त्याच कॅमेऱ्याने त्याच हॉलमध्ये पूजेचे फोटो असे आले की ताईंनी लेन्स परत आणलीच नाही, पैसे आणले. त्या लेन्सचीही एक अडचण आहे: झूम नाही, आणि आर५० वर ती बरीच जवळचं दाखवते. स्वयंपाकघरात पुऱ्या लाटणाऱ्या सहा बायका एका फोटोत हव्या असतील तर मागे सरकत सरकत अंगणात जावं लागतं.

तेव्हा किट लेन्सवरच राहायचं असेल आणि जास्त फोटो घरात, हॉलमध्ये, रात्री होणार असतील, तर चांगला कॉम्पॅक्ट घ्या. एखादी मोठ्या तोंडाची लेन्स घ्यायची तयारी असेल, तर मिररलेसच्या जवळपासही कॉम्पॅक्ट येत नाही.

कासवर जाणाऱ्यांसाठी

ऑगस्टअखेरपासून दुकानात कासचीच गर्दी असते. कॉम्पॅक्टच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, पाच सेंटिमीटरवरून फोकस होतो. खरं आहे, होतो. पण हे वाइडला, म्हणजे झूम न करता. झूम केलं की अंतर वाढत जातं. आणि कासवर ठरलेली वाट सोडून फुलांत पाय टाकायला मनाई आहे, ती योग्यच आहे. दवबिंदूचं रोप जेमतेम बोटभर, सीतेची आसवं त्याहून नाजूक, आणि तुम्ही उभे वाटेवर. पाच सेंटिमीटरवर जाणार कसे? तिथं लांबून जवळचं दाखवणारी लेन्स लागते. मिररलेसवर मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू मोठी टिपणारी), किंवा टेलीझूम (लांबचं जवळ आणणारी) सुद्धा चालते. गालिचा पसरल्यासारखा सोनकी-तेरड्याचा सडा, वर उतरणारं धुकं, त्यात घरची माणसं, एवढंच हवं असेल तर कॉम्पॅक्ट पुरे. किंबहुना मोबाइलही पुरे, उगाच खर्च करू नका.

पक्ष्यांचं नाव काढलंत तर कॉम्पॅक्टचा विषय संपला. मायणीच्या तलावावर काठावरून फ्लेमिंगो टिपायचे तर ४०० मिलिमीटरच्या खाली हाती काही लागत नाही. कॅननचा आर१० आणि १००-४०० लेन्स मिळून साधारण एक किलो भरतं, आणि पक्ष्यांसाठी हे हलकं मानतात. सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा खिशातल्यांत लांब झूमचा, २४ ते २०० पर्यंत जातो. वारीत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला गर्दीत हात वर करून उभे असाल तेव्हा २०० छान कामाला येतं. पाणकाठच्या पक्ष्याला ते पुरत नाही.

भंडारा, गुलाल आणि सातारचा पाऊस

हा भाग कंपनीच्या पुस्तिकेत नसतो, आणि दुरुस्तीला येणारे निम्मे कॅमेरे याच कारणाने येतात.

पालच्या खंडोबाच्या यात्रेहून आलेला एक कॉम्पॅक्ट आमच्या कारागिराने टेबलावर उघडला होता. चालू केला की लेन्स अर्धी बाहेर यायची, कर्रर्र करून थांबायची, पडद्यावर लेन्सचा बिघाड असं यायचं आणि कॅमेरा आपोआप बंद. लेन्सच्या नळ्या एकात एक बसलेल्या असतात, त्यांच्या फटीफटीत पिवळाजर्द भंडारा. कॉम्पॅक्टची लेन्स दर वेळी आत-बाहेर होते, आणि आत जाताना अंगावर बसलेली भुकटी बरोबर घेऊन जाते. तोच भंडारा सेन्सरवर बसला तर प्रत्येक फोटोत एकाच जागी डाग, आणि तो काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. मजुरी ऐकून गिऱ्हाईक नवाच घेऊ का विचारतं.

मिररलेसवर धूळ बसली तर लेन्स काढायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं आणि रबरी फुग्याने हवा मारायची. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पण मिररलेसवाल्याचीही एक चूक ठरलेली: ऐन मिरवणुकीत लेन्स बदलणे. गुलाल उडत असताना लेन्स काढली तर सेन्सर उघडाच पडतो. मिरवणुकीला निघताना एकच लेन्स लावा आणि घरी येईपर्यंत हात लावू नका. कॉम्पॅक्ट असेल तर तो वरचेवर चालू-बंद करू नका, आणि यात्रेत शक्यतो मोबाइलवर भागवा.

पावसाळ्यात बुरशी. जूनला कपाटात ठेवलेला कॅमेरा दसऱ्याला बाहेर काढला की लेन्सच्या आत पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मिररलेसची लेन्स तेवढी वेगळी देऊन साफ करता येते. कॉम्पॅक्टचं परत तेच, सगळं खोला. चामड्याच्या किंवा कापडी पाकिटात ठेवू नका, ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, एवढंच लागतं. निळ्या खड्यांची पुडी गुलाबी झाली की तिने पुरेशी ओल प्यायली असं समजा आणि बदला. कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांशेजारी कॅमेरा ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून दोन फोटो काढा. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी कमी लागते, हा आमचा अनुभव.

मेगापिक्सलचं काय?

विचारू नका. वरच्या कॉम्पॅक्टचा फोटो २० मेगापिक्सलचा, म्हणजे ५४७२ बाय ३६४८ ठिपक्यांचा. १८ बाय १२ इंचाच्या प्रिंटवर इंचाला ३०० ठिपके भरतात. भिंतीवर त्याहून मोठं लावणार आहात का? मग २० आणि २४ मधला फरक विसरा.

वजन, आणि आम्ही कोणाला काय देतो

आर५० किट लेन्ससकट सुमारे ५०० ग्रॅम, जी७ एक्स सुमारे ३०० ग्रॅम, रिकोचा जीआर ३ हा कॉम्पॅक्ट तर २५७ ग्रॅम. कागदावर फरक पाव किलोचाही नाही. खरा फरक जाडीचा. लेन्स लावलेला मिररलेस पँटच्या खिशात जात नाही, म्हणजे बॅग आली. बॅग आली की एसटीत मांडीवर घेऊन बसा. सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना एका हातात नातवाचा हात आणि दुसऱ्यात काठी असलेल्या आजोबांना आम्ही मिररलेस दाखवतच नाही. अमेरिकेला मुलीकडे निघालेल्या एका काकूंना असाच कॉम्पॅक्ट दिला. जादा बॅटरी विमानात हातातल्या पिशवीतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही, हे मात्र दोनदा बजावलं. जादा बॅटरी कॉम्पॅक्टला लागतेच. एवढ्याशा अंगात मोठी बॅटरी मावणार कुठून?

उन्हातलं आणखी एक. भर दुपारी मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. आर५० ला डोळा लावून बघायची खिडकी आहे, जी७ एक्स आणि जीआर ३ ला नाही, आरएक्स१०० मार्क ७ ला छोटीशी वर उघडणारी आहे. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट बघून घ्या.

रिको जीआर आणि फुजीचा एक्स१०० हे कॉम्पॅक्टमधले हट्टी पाहुणे. सेन्सर मोठा, मिररलेसएवढा, पण झूम मुळीच नाही. ज्याला आपण काय टिपतो हे नेमकं ठाऊक आहे त्याच्यासाठी हे सोनं. "सगळ्याचेच" म्हणणाऱ्याने यांच्या वाटेला जाऊ नये. शिवाय एक्स१०० चं २०२४ सालचं सहावं मॉडेल आलं तेव्हा लोकांना महिनोन्महिने थांबावं लागलं. कोणी मूळ किमतीच्या वर पैसे मागत असेल तर थांबलेलंच बरं.

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला निघालेल्या पोरांनो, तुमच्यासाठी यातला एकही नाही. दोन मेमरी कार्डं बसणारी बॉडी घ्या. सोनीच्या ए७ मार्क ३ मध्ये २०१८ पासून ही सोय आहे आणि जुन्या बाजारात तो मिळतो. कार्ड एकदा दगा देतं, आणि सप्तपदी परत होत नसते. धंदा जमेपर्यंत लेन्स भाड्याने आणा, विकत घेऊ नका.

कॉलेजच्या मुली हल्ली २००८-१० सालचे जुने डिजिटल कॅमेरे मागायला येतात, त्यांतले रंग आवडतात म्हणून. आमच्या माळ्यावर खोकंभर आहेत. बॅटरी मिळेल याची खात्री नाही, गॅरंटी तर नाहीच. पण चालू असलेला निवडून देऊ. तेव्हा आम्हीच "नवीन टेक्नॉलॉजी" म्हणून विकलेला माल परत विकताना हसू येतं, एवढंच.

बिलाचं

"विदाउट बिल" स्वस्त पडतो म्हणून पुण्या-मुंबईहून आणलेला बाहेरदेशचा माल कंपनीच्या भारतातल्या सेवा केंद्रात गॅरंटीत बसेलच असं नाही. घेताना बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर एकच आहे का ते पाहा. आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून, हे चुकवू नका.

यायचं तर संध्याकाळी सातनंतर या. दुपारच्या उन्हात सगळेच कॅमेरे सारखे दिसतात. दिवे लागल्यावर फरक कळतो. स्वतःचं मेमरी कार्ड आणा, दोन्ही कॅमेऱ्यांनी दुकानात आणि समोरच्या रस्त्यावर हवे तेवढे फोटो काढा, घरी टीव्हीवर लावून बघा आणि मग ठरवा. शक्य असेल तर ज्यांचे फोटो काढायचे त्या बारक्यांनाही घेऊन या. ते स्थिर बसत नाहीत, आणि कॅमेऱ्याची त्याहून चांगली परीक्षा आमच्याकडे नाही. सोमवारी दुकान बंद असतं.