वावराखाली कोळसा खाण असेल तर विहिरीची नोंद कशी ठेवाल?
(विहिरीची पातळी आणि पाणी तपासून देणाऱ्या आमच्या सेवेच्या सावनेर, चंद्रपूर आणि वणी भागातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उघड्या खाणीचा खड्डा दिसतो, त्यामुळे आसपासचे लोक सावध राहतात. अंडरग्राउंड खाण मात्र वावराखालून पुढे सरकते आणि वर कपाशी तशीच उभी असते. विहीर आटली की मगच धावपळ सुरू होते. तेव्हा ‘आधी पाणी किती होतं?’ या पहिल्याच प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं.

पाणी जातं कसं

आपल्याकडचा कोळसा बराकार नावाच्या खडकाच्या थरात आहे. वर्धा खोऱ्यात अनेक ठिकाणी त्याच्यावर कामठी वालुकाश्म असतो आणि पाणी धरून ठेवतो तो हाच. खाणीत आधी गल्ल्या काढतात आणि छत पेलायला कोळशाचे खांब ठेवतात. झिरपून आलेलं पाणी पंपाने सतत बाहेर काढलं जातं. या काळात विहिरीची पातळी हळूहळू उतरते. श्रावणात काठोकाठ भरणारी विहीर दरवर्षी थोडी कमी भरू लागते.

खरा धोका त्यानंतरच्या डिपिलरिंगचा. मागे येत येत खांब काढतात आणि छत कोसळू देतात. भेगा वर चढत पाणी धरणाऱ्या थरापर्यंत किंवा नाल्याच्या तळापर्यंत पोचल्या, तर पाणी काही दिवसांतच खाली उतरू शकतं. पोकळीत वाळू भरली तर जमीन बरीच कमी खचते. म्हणून खाण व्यवस्थापनाला लेखी विचारा: आमच्या गटाखाली डिपिलरिंग कधी आहे, आणि वाळू भरणार की छत पाडणार?

खाण बंद झाली म्हणून निश्चिंत राहू नका. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसला एक घर बघता बघता जमिनीत गेलं. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती.

नियम काय सांगतात

कोळसा खाण विनियम, 2017 नुसार नदी, कालवा, तलाव यांच्याखाली किंवा काठापासून 15 मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय काम करता येत नाही. हा नियम मुळात खाणीत पाणी घुसू नये म्हणून आहे. 27 डिसेंबर 1975 ला झारिया पट्ट्यातल्या चासनाला खाणीत पाणी शिरून 375 कामगार गेले होते.

तुमच्या विहिरीसाठी कामाचा कागद वेगळा आहे: खाणीचं पर्यावरण मंजुरीपत्र. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ते दिलं जातं आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीकडे यावी लागते. कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रांत सहसा दोन अटी असतात. एक, आसपासच्या विहिरींची पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजायची. दोन, खाणीच्या उपशामुळे गावच्या विहिरी आटल्या तर गावाला पाणी खाणीने पुरवायचं. आमच्या मते या दोन ओळी गावातल्या प्रत्येकाला माहीत असायला हव्यात. अटी पाळल्याचा सहामाही अहवाल जून आणि डिसेंबरमध्ये द्यावा लागतो, तोही मागून घ्या.

उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. खाणीबाहेर सोडलेल्या पाण्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते. त्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. हे माप नाल्यात सोडायच्या पाण्याचं आहे. पिण्याच्या पाण्याचं मानक वेगळं आहे, आयएस 10500. नाल्याच्या मापात बसलं म्हणून ते पाणी पिऊ नका.

तुम्ही काय करायचं

विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करा. रात्रभर मोटार बंद ठेवून सकाळी वजन बांधलेल्या टेपने खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. वहीत तारीख आणि माप लिहा, टेपसकट फोटो काढा. महिन्यातून एकदा पुरे, पण वर सांगितलेले चार महिने चुकवू नका. खाण जवळ येण्याआधीची दोन-तीन वर्षं हाती असली तर तुमचं म्हणणं सहज झटकता येत नाही. वावरात भेग दिसली तर ती बुजवण्याआधी फोटो घ्या.

पाणी तपासताना सल्फेट, कठीणपणा, लोह, एकूण विरघळलेले क्षार आणि फ्लोराइड बघतो. आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने खाणीचं पाणी बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी नसतं. वाढतात ते सल्फेट आणि कठीणपणा. फ्लोराइड मात्र चंद्रपूर जिल्ह्यात खडकातूनच येतं, त्याचा दोष खाणीला देऊ नका. सावनेर भागात संत्रा बागांच्या खोल बोअरमुळेही पातळी उतरते. म्हणून तुमच्या नोंदी आम्ही खाणीपासून लांबच्या विहिरींशी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींशी ताडून पाहतो.

नुकसान झालंच तर वेळ दवडू नका. राष्ट्रीय हरित लवादाकडे भरपाईचा अर्ज साधारण 5 वर्षांच्या आत करावा लागतो, इतर दाद मागायची मुदत 6 महिन्यांची आहे.

आमचं काम

आम्ही पातळी मोजतो, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देतो आणि अहवाल मराठीत समजावून सांगतो. ‘खाणीमुळेच आटली’ असं मोजमापाशिवाय लिहून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पहिल्या भेटीला सातबारा, गट नकाशा आणि बोअर मारतानाची खोलीची पावती असेल तर जवळ ठेवा. मे महिन्याच्या मोजणीची नावनोंदणी एप्रिलअखेर बंद होते.