नॉर्दर्न डान्सर

नॉर्दर्न डान्सर (२७ मे १९६१ – १६ नोव्हेंबर १९९०) : कॅनडात जन्मलेला थरोब्रेड जातीचा शर्यतीचा घोडा. १९६४ साली त्याने केंटकी डर्बी आणि प्रीकनेस स्टेक्स या अमेरिकेतल्या दोन मानाच्या शर्यती जिंकल्या. केंटकी डर्बी जिंकणारा कॅनडात जन्मलेला तो पहिला घोडा. एवढ्यावरही त्याचे नाव राहिले असते. पण त्याची मोठी कामगिरी शर्यती सोडल्यावर सुरू झाली. आज जगात कुठल्याही रेसकोर्सवर गेले, तरी समोर धावणाऱ्या बहुतेक घोड्यांच्या वंशावळीत तो कुठे ना कुठे सापडतो. आणि हा घोडा जन्मलाच नसता, किंवा जन्मूनही निर्वंश गेला असता, असे प्रसंग एकदा नव्हे, दोनदा येऊन गेले होते.

त्याचे मालक टोरांटोचे उद्योगपती ई. पी. टेलर. बिअरच्या धंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली होती, आणि कॅनडातही जागतिक तोडीचे घोडे निपजावेत ही त्यांची जिद्द होती. १९५२ साली इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या लिलावात त्यांनी लेडी अँजेला ही घोडी घेतली. ती तेव्हा नियार्को या इटलीत निपजलेल्या अजिंक्य घोड्यापासून गाभण होती. टेलरांनी व्यवहारातच तिला पुन्हा एकदा नियार्कोकडे नेण्याची सोय करून घेतली. त्या दुसऱ्या खेपेचे शिंगरू १९५४ मध्ये कॅनडात जन्मले. हाच निआर्क्टिक, नॉर्दर्न डान्सरचा बाप.

आई नटाल्मा. टेलरांनी ती १९५८ साली साराटोगाच्या लिलावात ३५,००० डॉलरना घेतली. नेटिव्ह डान्सर या गाजलेल्या करड्या घोड्याची ही मुलगी वेगवान होती, पण तिने चाबकाची धास्ती घेतलेली होती. १९६० साली केंटकी ओक्स या मोठ्या शर्यतीची तयारी चालू असताना तिच्या गुडघ्याचे हाड दुखावले आणि तिची शर्यत संपली. एव्हाना वसंत सरत आला होता. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला जन्मावे असा सगळ्यांचा आटापिटा असतो. जूनच्या शेवटी घोडी नराकडे नेणे म्हणजे पुढच्या मेअखेरचे, बरोबरीच्यांपेक्षा तीन-चार महिन्यांनी लहान शिंगरू पदरात घेणे. तरीही नटाल्माला निआर्क्टिककडे नेले गेले. त्याचा तो स्टडवरचा, म्हणजे प्रजननासाठी ठेवलेला नर म्हणून, पहिलाच हंगाम होता. नटाल्माचा गुडघा धड राहिला असता, तर ती त्या वर्षी धावत राहिली असती आणि हा घोडा जन्मलाच नसता.

नटाल्माच्या आईकडून या वंशाचा एक धागा आपल्याकडेही येतो. तिची आई अलमहमूद, आणि अलमहमूदचा बाप महमूद हा १९३६ ची इप्सम डर्बी विक्रमी वेळेत जिंकलेला करडा घोडा. त्याचे मालक होते तिसरे आगाखान, पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे. त्यांनी फ्रान्समध्ये निपजवलेला महमूद पुढे १९४० मध्ये अमेरिकेला विकला गेला. इप्समचा त्याचा तो विक्रम १९९५ पर्यंत टिकला. तो मोडला लॅमटारा या घोड्याने, आणि लॅमटारा नॉर्दर्न डान्सरचा नातू!

ओशावा (ऑन्टारिओ) येथल्या टेलरांच्या फार्मवर नटाल्मा व्याली. शिंगरू तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी, कपाळापासून नाकपुडीपर्यंत वाकडातिकडा पांढरा पट्टा, तीन पाय खाली पांढरे. अंगाने भरलेले, पण बुटके. टेलर दरवर्षी आपली वर्षाची शिंगरे ठरावीक किमतीला विक्रीस मांडत. निम्मी विकली गेली की उरलेली स्वतःकडे ठेवत. १९६२ च्या विक्रीत नटाल्माच्या शिंगराची किंमत होती २५,००० डॉलर. लोक आले, पाहून गेले. ‘फार लहान आहे’ म्हणून कोणीच घेतले नाही. पूर्ण वाढ झाल्यावरही तो १५.२ हँड्सच्या, म्हणजे सुमारे १५७ सेंटिमीटरच्या वर गेला नाही. शर्यतीचे घोडे बहुधा याहून बरेच उंच असतात.

ट्रेनर होते अर्जेंटिनाचे होरेशिओ लुरो. त्यांच्या रुबाबामुळे सगळे त्यांना ‘एल ग्रान सेन्योर’ म्हणत. शिंगरू भलतेच मस्तीखोर निघाले. चावायचे, लाथा झाडायचे, पाठीवरच्याला फेकून द्यायचे. लुरोंनी ते खच्ची करण्याचा सल्ला दिला. खच्ची केलेला घोडा शांत होतो, मन लावून धावतो, पण त्याचा वंश तिथेच संपतो. टेलरांनी नकार दिला. थरोब्रेडांच्या इतिहासात याहून मोठा ‘नाही’ क्वचितच कोणी म्हटला असेल.

२ ऑगस्ट १९६३ रोजी फोर्ट एरीच्या ट्रॅकवर तो पहिल्यांदा धावला आणि सहज जिंकला. पाठीवर होता रॉन टर्कॉट हा तरुण जॉकी. त्या वर्षी नऊ शर्यतींत सात विजय मिळाले, हंगामाचा शेवट तर दुखऱ्या खुरावर. डाव्या पुढच्या खुराला उभी चीर गेली होती. अशी चीर प्रत्येक पावलागणिक उघडते-मिटते, आतला जिवंत भाग चिमटते, आणि घोडा पाय टेकायला घाबरतो. खूर वरून खाली वाढत यायला कित्येक महिने लागतात. डर्बीला तेवढी सवड नव्हती. मग कॅलिफोर्नियाहून बिल बेन या नालबंदाला बोलावले. त्याने चिरेभोवतीचा भाग साफ केला, त्यावर रबराचा तुकडा बसवला आणि उष्णता देऊन तो खुराशी एकजीव केला. ते ठिगळ टिकले. गाडीच्या टायरला पंक्चर काढावे तशी ही युक्ती, आणि त्यावर हा घोडा केंटकीपर्यंत गेला.

१९६४ च्या वसंतात त्याने फ्लॉरिडातल्या फ्लेमिंगो स्टेक्स आणि फ्लॉरिडा डर्बी जिंकल्या. दोन्ही वेळा जॉकी होता बिल शूमेकर, त्या काळचा बहुधा सर्वांत नावाजलेला. पण केंटकी डर्बीसाठी शूमेकरने नॉर्दर्न डान्सरला सोडून कॅलिफोर्नियाचा धिप्पाड हिल राइज निवडला. नॉर्दर्न डान्सरवर आला बिल हार्टॅक. २ मे १९६४ रोजी सवा मैलाच्या त्या शर्यतीत हार्टॅकने त्याला आधी आतल्या कठड्याजवळ राखून ठेवले आणि हिल राइज मोकळा होण्याआधीच बाहेर काढून सोडले. शेवटच्या सरळ पट्ट्यात चित्र विलक्षण होते : मागून लांब ढांगा टाकत येणारा उंच हिल राइज, आणि पुढे आखूड पायांनी शिवणयंत्राच्या सुईसारखा भराभर चालणारा छोटा घोडा. अंतर मिटत आले, पण मिटले नाही. नॉर्दर्न डान्सर एका मानेच्या अंतराने जिंकला. वेळ बरोबर दोन मिनिटे, डर्बीचा नवा विक्रम. १९७३ साली सेक्रेटेरिएट या घोड्याने तो मोडला, तेव्हा त्याच्या पाठीवर होता तोच रॉन टर्कॉट.

दोन आठवड्यांनी प्रीकनेस त्याने सव्वादोन लांबीने जिंकली (घोड्याच्या शरीराची लांबी हे इथले माप). बेलमाँट स्टेक्स मात्र हातची गेली. दीड मैलाच्या त्या शर्यतीत हार्टॅकने त्याला बराच वेळ आवरून धरले. क्वाड्रँगल जिंकला आणि नॉर्दर्न डान्सर तिसरा आला. तो अंतराने हरला की लगामाने, हा वाद पुढे अनेक वर्षे रंगला. २० जूनला तो घरी, टोरांटोच्या वुडबाइन ट्रॅकवर, क्वीन्स प्लेट धावला आणि सव्वासात लांबीने जिंकला. नंतर पुढच्या डाव्या पायाची कंडरा सुजली आणि तो पुन्हा धावला नाही. एकूण १८ शर्यती, १४ विजय, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. पहिल्या तिघांबाहेर कधीच नाही. १९६५ साली कॅनडाच्या क्रीडा सन्मान दालनात त्याची निवड झाली. माणसांसाठीच्या त्या दालनात घोड्याला मिळालेले ते पहिले स्थान.

त्याच वर्षी १०,००० डॉलर शुल्कावर ओशावात त्याचे स्टडवरचे आयुष्य सुरू झाले. थरोब्रेडांत कृत्रिम रेतन चालत नाही. नैसर्गिक संयोगातून झालेले शिंगरूच जातीच्या अधिकृत नोंदवहीत घेतात. बुटक्या घोड्यापुढे उंच घोड्या आल्या की पंचाईत होई. म्हणून पुढे तो अमेरिकेतल्या मेरिलंडमध्ये गेला तेव्हा त्याच्यासाठी उभे राहायला एक चढण बांधली. पहिल्या वर्षीच्या २१ शिंगरांपैकी १० मानाच्या शर्यतींचे विजेते निघाले. असा आकडा नवख्या स्टॅलियनच्या (प्रजननाच्या नराच्या) बाबतीत कोणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या पिकात निजिन्स्की आला. आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन दुसराच एक घोडा पाहायला कॅनडात गेले होते; तो पसंत पडला नाही, पण नॉर्दर्न डान्सरचे हे भले मोठे शिंगरू नजरेत भरले. त्यांच्या सांगण्यावरून चार्ल्स एंगलहार्ड यांनी १९६८ मध्ये ते ८४,००० डॉलरना घेतले. १९७० साली जॉकी लेस्टर पिगटच्या हाताखाली निजिन्स्कीने टू थाउजंड गिनीज, इप्सम डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकून इंग्लंडचा तिहेरी मुकुट मिळवला. आधीचा मानकरी होता १९३५ चा बहराम, तोही आगाखानांचाच. निजिन्स्कीनंतर हा मुकुट आजवर कोणा घोड्याला मिळालेला नाही.

यानंतर युरोपचे डोळे उघडले. ओब्रायन, रॉबर्ट सँगस्टर आणि जॉन मॅग्निअर या त्रिकुटाने नॉर्दर्न डान्सरची शिंगरे विकत घ्यायची, धाववायची आणि जिंकलेल्यांना आयर्लंडच्या कूलमोर स्टडवर स्टॅलियन म्हणून उभे करायचे, असा धंदाच मांडला. १९७७ ची इप्सम डर्बी त्यांच्या द मिन्स्ट्रेलने जिंकली. पुढे दुबईचे मक्तूम बंधू लिलावात उतरले आणि किमतींना धरबंध राहिला नाही. १९८३ साली स्नाफी डान्सर हे शिंगरू शेख मोहम्मद यांनी १ कोटी २ लाख डॉलरना घेतले. वर्षाच्या शिंगराला एक कोटीच्या वर किंमत येण्याची ती पहिली वेळ. ते एकही शर्यत धावले नाही. नॉर्दर्न डान्सर वीस वर्षांचा असताना त्याला ४ कोटी डॉलरची मागणी आली होती. मालकांनी ती नाकारली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एका घोडीसाठी दहा लाख डॉलरपर्यंत शुल्क पोहोचले, तेही घोडी गाभण राहील याची हमी न देता.

१९८४ च्या इप्सम डर्बीत दोन घोडे नाकाला नाक लावून आले आणि निकाल निसटत्या फरकाने लागला. जिंकला सेक्रेटो, हरला एल ग्रान सेन्योर. दोघेही नॉर्दर्न डान्सरचेच मुलगे. हरलेल्याचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन, जिंकलेल्याचे त्यांचे चिरंजीव डेव्हिड. आणि हरलेल्या घोड्याचे नाव ठेवले होते बुजुर्ग लुरोंच्या टोपणनावावरून. एका शर्यतीत इतकी नाती क्वचितच गुंफली गेली असतील.

पण वंश पसरला तो जिंकलेल्या मुलांमुळे नव्हे, बाप झालेल्या मुलांमुळे. सॅडलर्स वेल्स हा ब्रिटन-आयर्लंडचा आघाडीचा स्टॅलियन १४ वेळा ठरला. त्याचा मुलगा गॅलिलिओ १२ वेळा. डँझिगने डेनहिल दिला आणि डेनहिलने ऑस्ट्रेलिया व्यापला. जपानात झेन्या योशिदा यांनी नेलेला नॉर्दर्न टेस्ट दहा वेळा अव्वल राहिला. १४ पैकी १४ शर्यती जिंकलेल्या फ्रँकेलच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर दोनदा येतो : बापाकडून तिसऱ्या पिढीत, आईकडून चौथ्या. भारतात त्याचा मुलगा रझीन हरियाणातल्या उषा स्टडवर होता आणि अनेक वर्षे देशातला अव्वल स्टॅलियन राहिला. त्याची मुले-मुली मुंबईच्या महालक्ष्मीवर आणि पुण्यातही धावली.

त्याने पिल्लांना नेमके काय दिले, याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्यांचे जाणकार ‘आटोपशीर बांधा, लवकर येणारी ताकद आणि हार न मानणारा स्वभाव’ असे देत आले. २०१२ मध्ये जनुकशास्त्रज्ञांनी स्नायूंच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचा माग काढला. वेगाला पोषक असलेला त्याचा प्रकार आधुनिक थरोब्रेडांत निआर्क्टिककडून नॉर्दर्न डान्सरमार्फत दूरवर पोहोचला, असे त्यांना दिसले. मात्र स्वभावाचे श्रेय केवळ जुनी समजूत म्हणून बाजूला सारता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चिरलेल्या खुराने एवढ्या शर्यती जिंकणे हे नुसत्या स्नायूंचे काम नव्हे.

या यशाची दुसरी बाजूही गंभीर आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेडांची तपासणी झाली. त्यांतल्या ९७ टक्क्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर होता. गेल्या अर्धशतकात या जातीतली अंतःप्रजननाची (जवळच्या नात्यातल्या संयोगाची) पातळी वाढल्याचेही त्यात आढळले. नोंदवही बंद असल्याने बाहेरचे रक्त आत येऊ शकत नाही. त्यामुळे त्याच्या रक्तापासून लांबचा जोडीदार शोधणे ही आज प्रजननकारांची खरोखरची अडचण झाली आहे.

एप्रिल १९८७ मध्ये त्याला निवृत्त केले. १६ नोव्हेंबर १९९० रोजी मेरिलंडमध्ये पोटशूळाने तो इतका बेजार झाला की त्याला मरण देणे भाग पडले. त्याच रात्री शवपेटी ट्रकमधून ओशावाकडे निघाली. २००९ मध्ये ते फार्म बंद झाले. आता त्या परिसरात विद्यापीठ आणि नवी घरे उभी राहिली आहेत. त्याला पुरले ती जागा, तो जन्मला त्या तबेल्याच्या आणि पहिली घोडी त्याच्याकडे आणली त्या शेडच्या मधोमध आहे.