थिबा राजा, एक हिशेबनीस आणि इगतपुरीचं मौन

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा २९ नोव्हेंबर १८८५ रोजी मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर पडला, तो पुन्हा कधी तिथं परतला नाही. इंग्रजांनी त्याला आधी रंगूनला, मग मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं तो समुद्राकडे बघत राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तिथंच वारला. रत्नागिरीत थिबा पॅलेस पाहून आलेल्या कुणालाही एवढी गोष्ट माहीत असते.

पण राजा गेल्यावर मागं त्याच्या देशात काय झालं, हे आपण सहसा विचारत नाही. तिथं जे सुरू झालं त्याचं एक टोक नव्वद वर्षांनी कसारा घाट चढून इगतपुरीत येऊन पोचलं. आज कुणी शिक्षिका, कुणी एसटीतला वाहक, कुणी आयटी कंपनीतला मुलगा विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिरासाठी दहा दिवसांची रजा टाकतो, फोन जमा करतो आणि तोंड मिटून स्वतःच्या श्वासाकडे बघत बसतो. संसारी माणसानं असं स्वतःत डोकावायला बसणं आपल्याला आता साधं वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी ज्या देशातून ही पद्धत आली, तिथंही ते साधं नव्हतं.

ब्रह्मदेशात बुद्धाच्या शिकवणीला 'सासन' म्हणतात आणि राजा हा त्या सासनाचा राखणदार. थिबाचे वडील मिंडोन यांनी ही जबाबदारी मनापासून निभावली होती. त्यांनी संपूर्ण त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ, संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. एकूण ७२९ शिळा, प्रत्येकीवर छोटं देऊळ. मंडालेच्या टेकडीखाली त्या आजही उभ्या आहेत. १८७१ मध्ये त्यांनी भिक्खूंची संगीती, म्हणजे धर्मसभा, भरवली. बुद्धाची शिकवण पाच हजार वर्षं टिकेल आणि हळूहळू लोप पावत जाईल, अशी त्या परंपरेत समजूत आहे. निम्मा काळ सरत आलेला, आणि त्यातच राखणदाराला परक्यांनी उचलून नेलं. लोकांना वाटलं, हाच तो लोप.

या भीतीला ज्या माणसानं वेगळं वळण दिलं त्यांचं नाव लेडी सयाडॉ. जन्म १८४६, मृत्यू १९२३. मंडालेत शिकलेले मोठे पंडित होते, पण राज्य बुडाल्याच्या त्या धामधुमीत शहर सोडून मोनिवा गावाजवळच्या लेडी नावाच्या रानात राहायला गेले आणि त्या रानाचंच नाव त्यांना चिकटलं. सयाडॉ म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, आचार्य. त्यांनी आधी गोमांस सोडलं आणि शेतकऱ्यांना उद्देशून पत्र लिहिलं की जो बैल आपल्यासाठी नांगर ओढतो त्याला खाऊ नका. पुढं त्यांनी गावोगाव फिरून अभिधम्म शिकवायला सुरुवात केली. अभिधम्म म्हणजे बौद्ध शास्त्रातला सगळ्यात किचकट भाग, चित्ताची बारीक चिरफाड. तो त्यांनी सोप्या ब्रह्मी भाषेत, पद्यातही आणला, बायाबापड्यांचे अभ्यासगट काढले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. राजा नाही तर नाही, सासन आता घराघरानं सांभाळायचं. आणि सांभाळायचं म्हणजे नुसतं पाठ करायचं नाही, करून बघायचं. तोवर ध्यान हे रानात राहणाऱ्या मोजक्या भिक्खूंचं काम मानलं जाई. बाकीच्यांनी दान करावं, शील पाळावं आणि पुढच्या बुद्धाची वाट बघावी. लेडी सयाडॉंनी सांगितलं की याच जन्मात, शेती करता करता, प्रपंचात राहून हे जमतं. मला हा या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण वाटतो. मनाचा शोध घेण्याचा हक्क मठाच्या उंबऱ्याबाहेर आला तो इथं, आणि तो आला एका पराभवातून.

हा हक्क वापरणारा पहिला मोठा माणूस शेतकरी निघाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रंगूनजवळच्या प्याब्वेजी गावचे सया तैजी, जन्म १८७३. १९०३ च्या कॉलऱ्यात त्यांची मुलं आणि घरातली इतर माणसं गेली. ज्याचं उत्तर गावात कुणाकडेच नव्हतं असा प्रश्न घेऊन ते घराबाहेर पडले. काही वर्षं एका गृहस्थ गुरूकडे शिकले, मग लेडी सयाडॉंपर्यंत पोचले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सयाडॉंनी त्यांना शिकवायची परवानगी दिली. चिवर न घातलेला शेतकरी ध्यान शिकवतो आणि भिक्खूही त्याच्यापुढं शिकायला बसतात, हे त्या समाजात चमत्कारिकच होतं. तैजींनी आपल्या शेताच्या कडेला ध्यानाची जागा बांधली आणि १९४५ मध्ये मरेपर्यंत शिकवलं.

त्यांच्याकडे १९३७ च्या जानेवारीत रंगूनच्या महालेखापाल कार्यालयातला एक कारकून आला. ऊ बा खिन, वय ३७. कार्यालयाची शिस्त अंगात मुरलेला माणूस. ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ते देशाचे महालेखापाल झाले. कार्यालयातल्याच एका खोलीत त्यांनी ध्यानाची सोय केली. १९५२ मध्ये रंगूनला स्वतंत्र केंद्र उघडलं आणि तरीही नोकरी सोडली नाही. एका वेळी अनेक खात्यांचा कारभार, त्यात भ्रष्टाचारानं पोखरलेल्या शेतमाल खरेदी मंडळाची साफसफाई, आणि संध्याकाळी केंद्रावर साधक. दहा दिवसांच्या शिबिराची जी घडी आपल्याला माहीत आहे ती या माणसाच्या हाताखाली पक्की झाली. समोर येणारे लोक रजा मोजून आलेले होते. त्यांना रानात वर्षानुवर्षं राहा असं सांगून चालणार नव्हतं. एका हिशेबनिसानं ही विद्या नोकरदाराच्या वेळापत्रकात बसवली.

आता या दहा दिवसांत माणूस नेमकं काय जाणतो, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'स्वतःला ओळखा' हे वाक्य फार गुळगुळीत झालं आहे.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुड्यांच्या जागेवर. याला आनापान म्हणतात. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, नामजप जोडायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं आणि जिथं जे जाणवेल ते नुसतं बघायचं. खाज, उष्णता, मुंग्या, कळ, धडधड, किंवा काहीच नाही. पालीत याला 'वेदना' म्हणतात. आपल्या मराठीत तो शब्द आक्रसून फक्त दुखण्यापुरता उरला, म्हणून शिबिरात 'संवेदना' म्हणतात. पण पालीतली वेदना सुखाचीही असते.

यामागचा तर्क असा की माणूस बाहेरच्या गोष्टीवर भडकतो किंवा भाळतो असं त्याला वाटतं, पण खरी प्रतिक्रिया उमटते ती त्या गोष्टीमुळे शरीरात उठलेल्या संवेदनेवर. साहेबाचा शब्द कानावर पडला, छातीत आग उठली, आणि आपण त्या आगीला प्रत्युत्तर दिलं. ही साखळी इतकी झटपट घडते की मधला दुवा दिसतच नाही. तो दिसावा यासाठी आधी श्वासावर मन बारीक करायचं. दिसल्यावर त्याला हात लावायचा नाही. ती संवेदना टिकत नाही, हे सांगून नाही तर तासभर मांडी न मोडता अनुभवून कळतं. या न हलण्याच्या बैठकीला अधिष्ठान म्हणतात आणि तिथं गुडघा जे शिकवतो ते कुठल्याही प्रवचनात मिळत नाही. 'अनिच्च', म्हणजे टिकत नाही, हा शब्द तिथं पहिल्यांदा अंगात उतरतो.

इथं आपल्या कानाला सवयीच्या असलेल्या 'आत्मज्ञाना'पासून ही वाट वेगळी होते. वेदान्तात स्वतःला जाणणं म्हणजे आत असलेल्या अविनाशी आत्म्याला ओळखणं. या पद्धतीत जितकं बघावं तितकं बदलतंच दिसतं, आणि 'हा मी' म्हणून बोट ठेवावं असं काही सापडत नाही. समाधान मिळतं ते या न सापडण्यातून, पकड ढिली होण्यातून. मराठी माणूस शिबिराला जातो तेव्हा तो बहुधा पहिल्या अर्थाचं काही शोधायला गेलेला असतो. ही गफलत अनेकांची होते, आणि ती लवकर दूर झालेली बरी.

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ मध्ये मंडालेत जन्मलेला एक मारवाडी व्यापारी आला. सत्यनारायण गोयंका, जन्म १९२४. कमालीची अर्धशिशी, त्यासाठी मॉर्फिनची इंजेक्शनं, आणि त्या सवयीतून सुटायला युरोप-अमेरिका-जपानच्या डॉक्टरांकडे झालेल्या फेऱ्या. डोकेदुखी बरी करून द्या म्हटल्यावर ऊ बा खिन यांनी नकार दिला. ही विद्या मनाच्या मळासाठी आहे, दुखणं गेलंच तर ते सोबतीनं जाईल, असं त्यांचं म्हणणं. कर्मठ हिंदू घरातल्या गोयंकांना बौद्ध शिबिराला बसण्याचाही संकोच होता. बसले, आणि दुसऱ्याच दिवशी पळून जायच्या तयारीत होते. राहिले, आणि पुढं चौदा वर्षं शिकत राहिले. मधल्या काळात १९६२ मध्ये ने विन यांची लष्करी राजवट आली आणि त्यांचे उद्योग सरकारजमा झाले.

ही विद्या भारतातून आली, ती भारताला परत करायची आहे, अशी ऊ बा खिन यांची तळमळ होती. स्वतः त्यांना देशाबाहेर पडता आलं नाही. गोयंका जून १९६९ मध्ये आईच्या आजारपणाच्या निमित्तानं इथं आले आणि ३ जुलैला मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. बसायला आलेले जेमतेम चौदा, त्यांत त्यांचे आईवडील. जानेवारी १९७१ मध्ये ऊ बा खिन वारले. तोवर गोयंका धर्मशाळा, शाळा, आश्रम, मिळेल तिथं शिबिरं घेत देशभर फिरत होते. बोधगयेच्या शिबिरांना तरुण अमेरिकन येऊन बसले. त्यांच्यातल्या काहींनी मायदेशी ध्यानकेंद्रं उघडली, आणि आज फोनवरच्या ॲपमध्ये ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याची एक मुळी तिथवर जाते.

इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ मध्ये सुरू झालं. पुढं विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधन संस्था १९८५ मध्ये स्थापन झाला. एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदी तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना हजारावर कैदी एकाच शिबिराला बसले. गोराईचा पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवरचा, आत एकही खांब नसलेला घुमट, आठ हजार माणसं एकत्र बसतील एवढा. गोयंका २०१३ मध्ये मुंबईत वारले.

महाराष्ट्रात या वाटेला आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. ऊ बा खिन रंगूनमध्ये शिकवत होते त्याच काळात, १९५४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनदा ब्रह्मदेशात गेले होते. त्यानंतर दोन वर्षांनी नागपूरची दीक्षा झाली. धम्म स्वीकारलेल्या लाखो घरांमधून पुढं कितीतरी लोक विपश्यनेला बसले. त्याच समाजातून टीकाही आली, आणि ती टाळून पुढं जाणं मला योग्य वाटत नाही. दुःखाचं मूळ केवळ मनात शोधलं तर जातीनं, गरिबीनं लादलेल्या दुःखाचं काय? बाबासाहेबांनी धम्माचा अर्थ समाज बदलण्याशी जोडला होता, डोळे मिटून बसण्याशी नव्हे, असं हे टीकाकार म्हणतात. प्रश्न खरा आहे. बसून उठलेला माणूस अन्यायाशी कसा वागतो हे शिबिरात ठरत नाही, ते तो बाहेर आल्यावर ठरतं. लेडी सयाडॉंचं पाऊल मात्र राजकीय पराभवाला दिलेलं उत्तर होतं, हे या वादात कुणी फारसं आठवत नाही.

दुसरी एक गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे. ही पद्धत बुद्धापासून अखंड, जशीच्या तशी आली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. इतिहासात नावागावासह दिसणारी साखळी लेडी सयाडॉंपासून सुरू होते. मला यात उणेपणा दिसत नाही. कॉलऱ्यात पोरं गमावलेला शेतकरी आणि फायलींत बुडालेला अधिकारी यांच्या हातून घडलेली विद्या मला जास्त जवळची वाटते. तसंच, तीव्र मानसिक आजारातून जाणाऱ्या माणसानं दहा दिवसांच्या मौनात परस्पर उडी घेऊ नये. केंद्रावर अर्ज भरतानाच तसं विचारतात, आणि तिथं काही लपवू नये.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. एवढे दिवस गप्प असलेली माणसं एकदम बोलू लागतात, आपलाच आवाज जरा मोठा वाटतो. मग ज्याला द्यायचंय तो दानाच्या टेबलाशी जातो. शिबिराला शुल्क नसतं. आपलं दहा दिवसांचं जेवण, अंथरूण, पाणी आधी बसून गेलेल्या कुणा अनोळखी साधकानं भरलेलं असतं, आणि आता आपण देतो ते पुढच्या माणसासाठी. टेबलामागचा सेवक रक्कम वहीत मांडतो, पावती फाडून हातात देतो, आणि पुढचा माणूस सरकतो.