लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसाठी जॉयस्टिकची निवड आणि अक्षांची जुळणी

जॉयस्टिक घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक सुरुवातीलाच किंमत विचारतात. आमची विनंती अशी की, त्याआधी आपण कोणते विमान सर्वाधिक उडवणार आहात हे ठरवावे. कारण वैमानिकाला किती गोष्टी सतत आणि कमी-अधिक प्रमाणात हलवाव्या लागतात हे विमानागणिक बदलते, आणि अशा प्रत्येक गोष्टीसाठी उपकरणावर स्वतंत्र अक्ष, म्हणजे किती हलवले हे मोजणारे नियंत्रण, असावा लागतो. चाके खाली घेणे किंवा बॉम्ब सोडणे बटणावर भागते. नाक वर-खाली करणे, पंख कलवणे, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणे) या चार कामांना मात्र अक्षच हवा.

विमान पाहून उपकरण

दुसऱ्या महायुद्धातील विमानांमध्ये हा फरक ठळक दिसतो. ‘आयएल-२’ या सिम्युलेटरमधील सोव्हिएत याक-१ उडवताना थ्रॉटलखेरीज पंख्याचे फेरे, इंधन-हवेचे मिश्रण, पाण्याचा रेडिएटर आणि तेलाचा रेडिएटर हे सर्व वैमानिकालाच सांभाळावे लागते. याउलट जर्मन फॉकेवुल्फ १९० मध्ये ‘कोमांडोगेरेट’ हे यंत्र एकाच लिव्हरच्या स्थितीवरून पंखा, मिश्रण आणि सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा भरणारा पंप) यांचा मेळ आपोआप घालते. म्हणून सोव्हिएत विमाने आवडणाऱ्या ग्राहकांना आम्ही लॉजिटेक एक्स-५२ सारखा संच सुचवतो, कारण त्याच्या थ्रॉटलवर दोन फिरत्या कळा आणि एक स्लायडर असे जादा अक्ष मिळतात. फॉकेवुल्फपुरता विचार असेल तर तेवढ्यासाठी जास्त खर्च करण्याचे कारण नाही.

आधुनिक जेटमध्ये गणित उलटे होते. एफ-१६ किंवा एफ/ए-१८ मध्ये उड्डाण-संगणक बराच तोल स्वतः राखतो, त्यामुळे पायांचे काम कमी होते. पण रडारचा कर्सर हलवणे, अँटेना वर-खाली करणे आणि शस्त्र निवडणे ही कामे दांड्यावरून हात न काढता करावी लागतात. तेथे भरपूर हॅट स्विच (अंगठ्याने चारही दिशांना ढकलायच्या कळा) असलेली स्टिक आणि छोटी मिनी-स्टिक (अंगठ्याने हलवायची चिमुकली जॉयस्टिक) असलेला थ्रॉटल उपयोगी पडतो.

रडरबाबत आमचे मत स्पष्ट आहे. शेपटीकडे लहान चाक असलेली स्पिटफायर, मस्टँग यांसारखी विमाने धावपट्टीवर सरळ ठेवण्यासाठी पायांनी सतत बारीक दुरुस्ती करावी लागते, आणि नेम धरताना विमान बाजूला घसरत असेल तर गोळ्या लक्ष्याच्या शेजारून जातात. दांडा पिळून चालणाऱ्या रडरने सुरुवात जरूर करता येते, परंतु मनगट पिळताना दांडाही नकळत कलतो आणि नेम ढळतो. अशी विमाने मनापासून उडवायची असतील, तर महागड्या थ्रॉटलआधी रडर पेडल घ्यावेत.

उपकरणाच्या आत सेन्सर कोणता आहे, हेही विचारून घ्यावे. पोटेन्शिओमीटरमध्ये भाग एकमेकांवर घासतात, त्यामुळे झीज आणि धूळ यांनी काही काळाने आकडे थरथरू लागतात. हॉल सेन्सर चुंबकीय असल्याने ही अडचण येत नाही. थ्रस्टमास्टर टी-१६००० एमच्या मुख्य दोन्ही अक्षांवर असेच सेन्सर असून प्रत्येक अक्ष १६,३८४ पायऱ्यांत वाचला जातो.

अक्ष नेमताना

प्रथम विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ ही जॉयस्टिक तपासण्याची खिडकी उघडून प्रत्येक अक्ष पूर्ण फिरतो का, हे पाहावे. त्यानंतर ‘डीसीएस वर्ल्ड’मध्ये एक काम टाळू नये: हा सिम्युलेटर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःहून अक्ष वाटून देतो. त्यामुळे पेडलवरचा ब्रेक दाबताच विमानाचे पंख किंवा नाक हलू लागते, आणि ग्राहकाला नवे पेडल सदोष वाटतात. ‘ॲक्सिस कमांड्स’च्या तक्त्यात प्रत्येक ओळीत एकच उपकरण ठेवून उरलेल्या नेमणुका पुसाव्यात. पेडल मोकळे असतानाही ब्रेक लागलेला राहत असेल तर त्या अक्षाला ‘इन्व्हर्ट’ करावे, म्हणजे त्याची दिशा उलटी करावी. उजवे कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबल्यास पडद्यावर नियंत्रणांची स्थिती दिसते. तिथे ही तपासणी मिनिटात होते.

यानंतर वक्र, म्हणजे ‘कर्व्हेचर’: दांडा किती हलवला की विमानाने किती प्रतिसाद द्यावा, हे ठरवणारे मूल्य. खऱ्या स्पिटफायरचा दांडा लांब होता, टेबलावरचा आखूड असतो. म्हणून बोटभर हालचालीनेही विमान नाक झटकते. नाकाच्या आणि पंखांच्या अक्षाला १५ ते २० इतका वक्र दिल्यास मध्यभागी हात स्थिर वाटतो. मात्र मध्ये जेवढी नरमाई येते तेवढी तीव्रता टोकाला वाढते, त्यामुळे तो ३० च्या पुढे नेल्यास जोरदार वळणात विमान अचानक हातचे जाऊ शकते. ‘सॅच्युरेशन वाय’, म्हणजे अक्षाच्या कमाल परिणामाची मर्यादा, कमी करू नये. त्याने पूर्ण वळण मिळण्याची क्षमताच घटते. मधला मृत पट्टा (ज्यात दांडा हलला तरी परिणाम होत नाही असा भाग) हॉल सेन्सरला शून्य किंवा एक-दोन टक्के पुरतो. थ्रॉटलला वक्र देऊ नये.

डीसीएसमध्ये प्रत्येक विमानाची जुळणी वेगळी साठवली जाते, म्हणून ती पूर्ण होताच प्रोफाइल जतन करून त्याची प्रत दुसरीकडे ठेवावी. यूएसबी पोर्ट बदलल्यास काही वेळा उपकरण नवे समजले जाते आणि नेमणुका नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. त्यामुळे प्रत्येक वायरीला आणि तिच्या पोर्टला सारख्याच क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून ठेवावी.