चामखीळ, ऊन आणि एक बिघडलेलं जनुक

लहानपणीच कपाळावर आणि मानेवर शिब्यांसारखे फिकट डाग उठतात, हातांच्या पाठीवर चपट्या चामखिळी येतात. शिब्यांचं मलम लावून डाग जात नाहीत, जाळलेल्या चामखिळी पुन्हा उगवतात. पुढे विशी-तिशीत, नेमक्या उन्हाला उघड्या राहणाऱ्या जागी, एखादी चामखीळ चिघळते आणि भरून येत नाही. तुकडा तपासायला पाठवला की कर्करोग निघतो.

या आजाराचं पहिलं वर्णन लेवान्डोव्स्की आणि लुट्झ यांनी 1922 साली केलं. एपिडर्मोडिस्प्लेसिया व्हेरुसिफॉर्मिस असं त्याचं लांबलचक नाव. डॉक्टर नुसतं ईव्ही म्हणतात. रुग्ण जगभरात मोजकेच. तरीही वॉर्सातल्या त्वचारोगतज्ज्ञ स्टेफानिया याब्लोन्स्का यांनी 1972 मध्येच लिहिलं होतं, की माणसात विषाणूमुळे कर्करोग कसा होतो हे समजून घ्यायला ईव्ही हा नमुना धरावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी एचपीव्हीचं, म्हणजे चामखिळी उठवणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचं, नातं तेव्हा कुणी जोडलेलंही नव्हतं.

गंमत अशी, की ईव्हीतले विषाणू काही जगावेगळे नाहीत. एचपीव्हीच्या बीटा गटातले हे प्रकार तुमच्या-माझ्या कातडीवरही असू शकतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. रुग्णाची रोगप्रतिकारशक्तीही एरवी ठीकठाक असते. बाकीच्या संसर्गांशी शरीर नीट लढतं. मग खोट कुठे?

उत्तराचा पहिला धागा 2002 मध्ये हाती आला. सतराव्या गुणसूत्रावर एव्हर-1 आणि एव्हर-2 अशी दोन जनुकं शेजारी शेजारी आहेत. बऱ्याच रुग्णांत त्यांतलं एक बिघडलेलं सापडलं. पुढे सीआयबी-1 हे तिसरं जनुकही कळलं. या तिघांची प्रथिनं त्वचेच्या पेशीतच एकत्र बसून विषाणूला वाढू देत नाहीत. म्हणजे पहारा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा नव्हे, घराच्या आतल्या कडीचा. नेहमीच्या चामखिळीच्या विषाणूंकडे ही कडी काढायची हत्यारं असतात, बीटा गटाकडे ती नाहीत. ज्यांची कडी जन्मतःच तुटलेली, त्यांच्याच कातडीत हा गट माजतो. त्यात उन्हातले अतिनील किरण पेशींचा डीएनए बिघडवतात. केवळ विषाणू किंवा केवळ ऊन एवढं नुकसान करत नाही.

बिघाड आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. दोघे वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही त्या जनुकाची एकेक प्रत बिघडलेली असेल, तर दर अपत्याला धोका चारात एक. स्वतः वाहकाच्या अंगावर मात्र काहीच दिसत नाही. म्हणून नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत ईव्ही जास्त आढळतो, आणि मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडेही नवी नाही.

जनुक दुरुस्त करणारा उपचार अजून नाही. एचपीव्हीची प्रचलित लस ईव्हीतल्या पाच आणि आठ क्रमांकांच्या प्रकारांवर नाही. त्यामुळे लहानपणापासून उन्हापासून जपणं, कातडी वरचेवर तपासून घेणं आणि संशयास्पद गाठ वेळीच काढणं, एवढंच हातात उरतं. किरणोपचार मात्र टाळतात, कारण त्याने या रुग्णांतला कर्करोग उलट जास्त आक्रमक होऊ शकतो.