‘मागे’ नेमकं कुठे? फोनची प्रणाली बदलताना अंगठा का अडखळतो

अँड्रॉइड सोडून आयफोन घेतलेला माणूस पहिले काही दिवस स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर उगाच अंगठा आपटत असतो. तिथे ‘मागे’ जायचं बटण असायचं. आयफोनवरून अँड्रॉइडकडे आलेल्याची तऱ्हा उलटी. कडेवरून बोट सरकवलं की आधीचं पान येतं हे त्याला ठाऊक असतं, पण आणखी एकदा सरकवलं की अ‍ॅपच नाहीसं होऊन होम स्क्रीन समोर येते आणि तो चक्रावतो. फोटो, नंबर, कॅलेंडर आता फारशी खटपट न करता नव्या फोनवर येतात. बोटांची सवय मात्र कुठल्याही केबलमधून जात नाही. ती दोन्हीकडे इतकी वेगळी घडली, याचं मूळ २००७ आणि २००८ या वर्षांत आहे.

९ जानेवारी २००७ रोजी अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला तेव्हा त्याच्या दर्शनी भागावर एकच बटण होतं. कुठेही अडकलात तर ते दाबा, घरी पोहोचाल, एवढाच त्याचा करार. अ‍ॅपच्या आत मागे जायचं असेल तर ते अ‍ॅपने बघायचं. बहुतेक अ‍ॅपमध्ये वर डावीकडे आधीच्या पानाचं नाव असे आणि त्यावर टेकवलं की मागे जाता येई. अ‍ॅपलचा गाणी ऐकायचा आयपॉड वापरलेल्यांना हे नवं नव्हतं. यादीतून यादीत उतरायचं आणि ‘मेन्यू’ दाबून एकेक पायरी वर यायचं, हाच तिथला रिवाज होता. आणि पहिल्या आयफोनची स्क्रीन ३.५ इंचांची असल्याने वरचा डावा कोपरा अंगठ्याच्या टप्प्यात होता. आज तो नाही, हे पुढच्या गोष्टीत महत्त्वाचं ठरतं.

अँड्रॉइडचं कुळ वेगळं. कंपनी २००३ मध्ये सुरू झाली, २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला, तो एचटीसीचा जी१. त्याला सरकवून बाहेर काढायचा कळफलक होता, बोटाने फिरवायचा छोटा गोळा, म्हणजे ट्रॅकबॉल होता आणि होम, मेन्यू, मागे अशी स्वतंत्र बटणं होती. यातलं ‘मागे’ हे वेब ब्राउझरमधल्या मागे जाण्याच्या बाणाचं भावंड म्हणावं असं. अँड्रॉइडमध्ये एक अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपचं एखादं पान थेट उघडू शकतं. निरोपातल्या पत्त्यावर टेकवलं की नकाशा उघडतो. अशी उघडलेली पानं प्रणाली एकावर एक रचून ठेवते आणि ‘मागे’ दाबलं की सर्वांत वरचं पान काढून टाकते, मग खालचं पान कुठल्याही अ‍ॅपचं असो.

म्हणजे दोन्हीकडे शब्द एकच, अर्थ दोन. आयफोनवर ‘मागे’ म्हणजे या घरात एक जिना वर. अँड्रॉइडवर ‘मागे’ म्हणजे आलात त्या वाटेने परत, मग ती वाट दुसऱ्याच्या घरातून का गेलेली असेना. नवा फोन घेतल्यावर जो गोंधळ उडतो त्यातला बराचसा, माझ्या मते, या एका फरकात आहे. चिन्हांचे आकार आणि रंग हे डोळ्यांचे प्रश्न, ते दोन दिवसांत सुटतात.

अँड्रॉइडने स्वतःच्या घरातही हा गोंधळ वाढवला. २०११ च्या ३.० आवृत्तीत बटणं काचेवर आली आणि त्याबरोबर अ‍ॅपच्या वरच्या पट्टीत डावीकडे आणखी एक बाण रूढ झाला. त्याचं नाव ‘वर’. खालचा बाण मागे नेई, वरचा बाण अ‍ॅपच्या रचनेत एक पायरी वर. दोन्ही बाण डावीकडेच तोंड करून उभे. कधी ते एकाच ठिकाणी नेत, कधी वेगळ्या. हा भेद समजावून सांगायला आकृत्या काढाव्या लागल्या. जे बटण समजायला आकृती लागते त्याच्याबद्दल काय बोलावं? त्याच वर्षअखेरीच्या ४.० आवृत्तीत मेन्यूचं बटण मागे पडून तीन टिंबं आली, आणि संवादचौकटीतलं ‘ठीक आहे’ डावीकडून उजवीकडे गेलं. भर म्हणून सॅमसंगने ‘मागे’ उजवीकडे ठेवलं होतं आणि गूगलच्या नेक्सस फोनांवर ते डावीकडे होतं. त्यामुळे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर गेलेल्यांनाही प्रणाली बदलल्याचा अनुभव फुकटात मिळे.

दोघांच्या भांडणात तिसऱ्यांनी केलेलं काम विसरलं जातं. पाम या कंपनीची वेबओएस ही फोनची प्रणाली २००९ मध्ये आली. तिच्यात उघडी अ‍ॅप पत्त्यांसारखी शेजारी शेजारी मांडलेली दिसत आणि नको असलेलं वर भिरकावून देता येई. तिच्या रचनेवर काम केलेले मातियास दुआर्ते २०१० मध्ये गूगलमध्ये गेले. नोकियाच्या २०११ मधल्या एन९ ला दर्शनी भागावर एकही बटण नव्हतं. कडेवरून बोट आत ओढलं की अ‍ॅपबाहेर पडता येई. ब्लॅकबेरीच्या १० या प्रणालीने २०१३ मध्ये खालून वर सरकवण्याची खूण वापरली. हे तिन्ही फोन बाजारात टिकले नाहीत. पण २०१७ मध्ये आयफोन एक्समधून होम बटण गेलं आणि खालून वर सरकवणं आलं, तेव्हा एन९ आणि ब्लॅकबेरी वापरलेल्यांना ते ओळखीचं वाटलं असणार.

कोर्टाचाही या इतिहासात हात आहे. यादीच्या शेवटाशी पोहोचल्यावर ती जराशी ताणली जाऊन परत उसळते, या आयफोनच्या बारीकशा लकबीचं पेटंट अ‍ॅपलकडे होतं. एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅपलने सॅमसंगवर भरलेल्या दाव्यात तेही होतं. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने १ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, पुढे ती रक्कम कमी झाली आणि २०१८ मध्ये दोघांनी तडजोड केली. दरम्यान अँड्रॉइडवर यादीच्या टोकाला उसळीऐवजी उजेडाची झलक दिसे. यादी ताणली गेल्यासारखी दिसणं अँड्रॉइडमध्ये २०२१ च्या १२ व्या आवृत्तीत आलं. बोटाखाली काहीतरी वेगळं लागतंय, पण काय ते सांगता येत नाही, अशी तक्रार प्रणाली बदलणारे करतात ती अशाच गोष्टींची असते.

उसनवारी मात्र थांबली नाही. वरून ओढायचा सूचनांचा पडदा अँड्रॉइडवर २००८ पासून होता, आयफोनवर तो २०११ मध्ये आला. होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे अ‍ॅप न उघडता माहिती दाखवणारी चौकट, ठेवता येणं आयफोनवर २०२० मध्ये, आणि चिन्हं हव्या त्या जागी मांडणं २०२४ मध्ये. उलट दिशेने अँड्रॉइडने २०१९ च्या १० व्या आवृत्तीत बटणांची पट्टी काढून संपूर्ण हालचाल बोट सरकवण्यावर आणली. दोन्ही फोन शेजारी ठेवले तर आज भावंडं वाटतात, आणि नेमकं हेच अंगठ्याच्या मुळावर येतं. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या उलट बाजूंना असलेली गाडी चालवून बघा. वळणावर काच पुसली जाते, ती बाकी सगळी गाडी ओळखीची असल्यामुळेच. अगदीच परकं यंत्र असतं तर हात सावध राहिला असता.

सामान हलवण्याचा इतिहास त्यामानाने सरळ आहे, कारण तिथे अडसर तांत्रिक कमी आणि व्यापारी जास्त होता. अ‍ॅपलने अँड्रॉइडवरून येणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये अ‍ॅप काढलं. गूगलने आयफोनवरून येणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये. २०११ मध्ये सुरू झालेल्या आयमेसेज या अ‍ॅपलच्या निरोपसेवेतून बाहेर पडणाऱ्यांचे निरोप जुन्याच खात्याकडे जाऊन हरवत. नंबर तिथून काढून घेण्याची ऑनलाइन सोय अ‍ॅपलने २०१४ च्या नोव्हेंबरात दिली. व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा एका प्रणालीवरून दुसरीवर नेण्याची अधिकृत वाट २०२१ पर्यंत नव्हतीच, कारण एका बाजूचा बॅकअप आयक्लाउडवर आणि दुसऱ्या बाजूचा गूगल ड्राइव्हवर. ती आधी आयफोनवरून सॅमसंगच्या फोनांकडे उघडली, पुढच्या वर्षी अँड्रॉइडवरून आयफोनकडे.

पुन्हा ‘मागे’कडे येऊ, कारण ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. २०१३ च्या आयओएस ७ मध्ये, म्हणजे आयफोनच्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, डाव्या कडेवरून सरकवून मागे जाणं आलं. २०१४ मध्ये आयफोनच्या स्क्रीन ४.७ आणि ५.५ इंचांच्या झाल्या, वरचा डावा कोपरा अंगठ्याच्या हाताबाहेर गेला आणि होम बटणाला दोनदा हलका स्पर्श केला की अख्खी स्क्रीन खाली सरकावी, अशी युक्ती अ‍ॅपलला काढावी लागली. २०१५ मध्ये वरच्या पट्टीत एक बारीक दुवा आला, ज्या अ‍ॅपमधून आलात तिथे परत नेणारा. ही अँड्रॉइडच्या वाटेला दिलेली गुपचूप कबुलीच म्हणायची, फक्त ती अंगठा पोहोचणार नाही अशा ठिकाणी दिलेली. अँड्रॉइडने आपलं ‘मागे’ दोन्ही कडांना दिलं, तेव्हा डाव्या कडेवरून मेन्यू ओढून काढायची अ‍ॅपची जुनी पद्धत त्याच्याशी भांडू लागली.

२०२५ च्या आयओएस २६ मध्ये मागे जाण्यासाठी कडेचीही गरज उरली नाही. पानाच्या मध्यावरून उजवीकडे सरकवलं तरी चालतं, अर्थात त्याच अ‍ॅपच्या आत. आणि अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये खाली तीन बटणं परत आणण्याचा पर्याय अजून आहे.