पार्श्वभूमी: खांब नक्की किती उंच?

खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका. एकाच नावाचा टाका ब्रिटिश आणि अमेरिकी नमुन्यांत वेगळ्या उंचीचा का निघतो, त्याची ही गोष्ट. मराठीत बाज विणतात, हातमागावर कापड विणतात, स्वेटर विणतात आणि क्रोशाचा रुमालही विणतात. एका क्रियापदावर चौघांचा संसार चालतो, म्हणून ‘विणकाम किती जुने’ या प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही. इजिप्तमध्ये सापडलेले तिसऱ्या ते पाचव्या शतकातले, अंगठ्याशी दुभागलेले लोकरी मोजे सुयांवरचे काम म्हणून अनेकदा दाखवले जातात. प्रत्यक्षात ते नेढे असलेल्या एकाच सुईने, दोऱ्याचे तुकडे ओवून केलेले आहेत. सुयांवर विणलेले जुने नमुनेही इजिप्तचेच, पण साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातले आणि निळ्या-पांढऱ्या सुताचे. सुयांवरच्या ‘उलट’ टाक्याचा भक्कम पुरावा थेट सोळाव्या शतकाच्या मध्यावर मिळतो. १५८९ मध्ये इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने मोजे विणायचे यंत्र बनवले आणि सुयांचे काम कारखान्याच्या वाटेला लागले. क्रोशा मात्र अजून हाताचाच राहिला आहे. दुकानात ‘क्रोशाचा’ म्हणून मिळणारा यंत्रावरचा टॉप बहुधा दुसऱ्याच प्रकारच्या विणीचा असतो.

पूर्वी ही कला हातातून हातात जात होती. शेजारी बसलेलीला चूक दिसायची, ती उसवायला लावायची. खरा घोळ सुरू झाला तो नमुने छापायला लागल्यावर. १८२० च्या दशकात एका डच मासिकात क्रोशाचे नमुने आले, १८४० च्या दशकात ब्रिटनमध्ये छोट्या पुस्तिकांचे पेव फुटले, आणि आयर्लंडमध्ये बटाट्याच्या दुष्काळानंतर क्रोशाच्या लेसवर कित्येक घरांची चूल पेटली. टाक्यांना नावे हवी होती, ती ज्याने-त्याने दिली.

ब्रिटिश पुस्तिकांनी सर्वांत बुटक्या टाक्याला, म्हणजे नुसता दोरा ओढून पुढे सरकायच्या टाक्याला, ‘सिंगल’ म्हटले. त्याच्या वरचा ‘डबल’, त्याच्या वरचा ‘ट्रेबल’. अमेरिकेत त्या बुटक्याला ‘स्लिप’ म्हणून मोजणीतून वगळले आणि ‘सिंगल’ एक पायरी वर नेला. पुढे ब्रिटननेही तळाच्या टाक्याला ‘स्लिप’ म्हणायला सुरुवात केली, पण वरची नावे तशीच ठेवली. म्हणून आज ब्रिटिश शिडीला पहिली पायरीच नाही: ‘स्लिप’नंतर एकदम ‘डबल’. ‘स्लिप’हून एक पायरी उंच, आपण ज्याला मुका खांब म्हणतो, तो अमेरिकेत ‘सिंगल’, ब्रिटनमध्ये ‘डबल’. आपला साधा खांब अमेरिकेत ‘डबल’, ब्रिटनमध्ये ‘ट्रेबल’. मराठी नावे आकड्यांच्या भानगडीत पडली नाहीत, हे मला तरी शहाणपणाचे वाटते.

हा वाद नुसता शब्दांचा नाही. मुक्या खांबांचे सपाट वर्तुळ ६ टाक्यांनी सुरू होते आणि दर फेरीला ६ टाके वाढतात. खांब उंच असल्याने त्याला सुरुवातीलाच १२ च्या आसपास टाके लागतात आणि वाढही तेवढीच. आता ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल’ अमेरिकी समजून ६-६ ने उंच खांब घालत गेले, तर तिसऱ्या-चौथ्या फेरीत कडा उभ्या राहतात आणि टेबलावरच्या रुमालाची वाटी होते. विणणारीला वाटते आपला हात घट्ट पडला. ती उसवते, सैल हाताने पुन्हा घालते, पुन्हा वाटीच. चूक हातात नसून दोन देशांच्या मोजणीत आहे, हे तिला कोण सांगणार?

सुयांच्या क्रमांकांचीही तीच तऱ्हा. जुन्या ब्रिटिश मापात आकडा वाढला की सुई बारीक, अमेरिकी मापात जाड. ८ नंबर म्हणजे ब्रिटनमध्ये ४ मिमी, अमेरिकेत ५ मिमी. मिलिमीटर छापायला लागल्यापासून हा गोंधळ निवळला, तरी हाताच्या ताणाचा प्रश्न उरतोच. १० सेंमीत २२ टाके धरून १०० सेंमी छातीच्या स्वेटरसाठी २२० टाके घातले आणि हाताला २० च टाके बसले, तर स्वेटर ११० सेंमीचा होतो. नमुन्याचा चौकोन विणून मोजा असे प्रत्येक पुस्तक सांगते आणि जवळजवळ प्रत्येकजण तो टाळतो, मीसुद्धा.

विसाव्या शतकात धुण्याने न आटणारे ॲक्रिलिक आले, चिन्हांचे तक्ते रुळले. जपानी पुस्तकांमुळे तर भाषा न येताही विणता येऊ लागले. २००७ मध्ये विणणाऱ्यांची एक मोठी वेबसाइट सुरू झाली आणि दोन्ही देशांचे नमुने एकाच ढिगात आले. २०२० च्या टाळेबंदीत नव्याने सुई धरलेल्यांना हा घोळ पहिल्याच आठवड्यात भेटला. आता बहुतेक नमुन्यांच्या डोक्यावर ‘अमेरिकी संज्ञा’ किंवा ‘ब्रिटिश संज्ञा’ असे लिहिलेले असते. जुन्या पुस्तिकेत ते नसते. तिथे ‘सिंगल’ शब्द दिसला तर नमुना बहुधा अमेरिकी. पुस्तिका एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश असेल, तर मात्र तोच शब्द तळाच्या बुटक्या टाक्याचा. अशा वेळी चित्रातला रुमाल सपाट आहे का ते आधी पाहावे आणि मगच टाके घालावेत.